घरची बोली आणि शाळेचे दप्तर

16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली, 17 जूनच्या निर्णयाने ती सक्ती ‘सर्वसाधारणपणे’ या शब्दाआड नेली आणि 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द होऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. या काळात मराठीच्या बाजूने जे बोलले गेले त्यातील बहुतेक मला मान्य आहे. सहा वर्षांच्या मुलावर तिसऱ्या भाषेचे ओझे लादू नये, या मागणीच्या अर्जावर माझीही सही आहे. परंतु त्याच सुमारास आमच्या भोसरीत भरलेल्या एका परिसंवादात एका विद्वान वक्त्याने असे प्रतिपादन केले की, महाराष्ट्रात जन्मलेल्या प्रत्येक मुलाची मातृभाषा मराठीच होय. वडार, कैकाडी, पारधी, बंजारा यांच्या घरांत जे बोलले जाते ती मोडकी मराठी असून शाळा ती जितक्या लवकर पुसून टाकील तितके त्या मुलांचे कल्याण होईल. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाने अशा विधानावर गप्प बसणे म्हणजे त्याला संमती देणे होय, आणि ती मी देऊ शकत नाही.

प्रथम वस्तुस्थिती. वडारांची बोली तेलुगूच्या आणि कैकाड्यांची तमिळच्या कुळातली, म्हणजे दोन्ही द्राविड. पारध्यांची गुजरातीच्या जवळची आणि बंजाऱ्यांची गोरमाटी राजस्थानीच्या. यांपैकी एकही मराठी मोडून झालेली नाही. सरकारी खानेसुमारीचे कोष्टक उघडले तरी वडारी तेलुगूखाली, कैकाडी तमिळखाली आणि बंजारी व लमाणी हिंदीखाली मांडलेल्या आढळतात. हिंदीच्या सक्तीविरुद्ध महाराष्ट्र एवढा पेटून उठला, पण आपल्याच तांड्यांवरची गोरमाटी हिंदीच्या खात्यावर जमा होते याबद्दल त्या सगळ्या गदारोळात कोणी अवाक्षर काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

या भाषांची पहिली नोंद कोणी व कशासाठी केली, हेही पाहण्यासारखे आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलेल्या समाजांचे शब्द टिपून घेण्याचे काम आधी पोलिसांनी केले. मुंबई इलाख्यातील पोलीस अधिकारी मायकेल केनेडी याने 1908 मध्ये या जमातींवर जे पुस्तक काढले, त्यात त्यांचे सांकेतिक शब्दही दिले, कारण फौजदाराला संशयिताचे बोलणे समजले पाहिजे. पुढे ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा अकरावा खंड 1922 मध्ये ‘जिप्सी भाषा’ या मथळ्याखाली प्रसिद्ध झाला. त्यात कोल्हाटी, गारोडी, भामटी, बेलदारी यांना जागा मिळाली. अभ्यास म्हणून त्या खंडाचे मोल मोठे आहे. तथापि 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला, माणसे विमुक्त ठरली, आणि त्यांची भाषा मात्र पोलिसाच्या दप्तरातून शाळेच्या दप्तरात आली नाही.

ज्या एका विद्वानाने आपले आयुष्य या दोन दप्तरांमधले अंतर कापण्यात घातले, तो भोर संस्थानच्या मातीतला, आपल्या पुणे जिल्ह्यातला आहे. गणेश देवी यांचा जन्म 1950 चा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजीची प्राध्यापकी होती, ‘आफ्टर अ‍ॅम्नेशिया’ या 1992 च्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. ती प्राध्यापकी सोडून त्यांनी 1996 मध्ये ‘भाषा’ ही संस्था बडोद्यात काढली आणि राठवा आदिवासींच्या मुलखात, तेजगढला, आदिवासी अकादमी उभी केली. फेब्रुवारी 1998 मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर हा विमुक्त जमातीचा तरुण पोलीस कोठडीत मारला गेला. त्याच वर्षी महाश्वेतादेवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांच्यासह देवींनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी कृतिगट स्थापन केला. अहमदाबादच्या छारानगर या विमुक्तांच्या वस्तीत भांतू ही बोली बोलली जाते; तिथल्या तरुणांनी बुधनच्या मृत्यूवर नाटक बसवले; बुधन थिएटर ते हेच. देवींच्याच पुढाकाराने 2010 पासून चाललेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने 780 भाषांची मोजदाद केली. सरकारी खानेसुमारीत दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषेला 1971 पासून स्वतंत्र नावच मिळत नाही आणि 2011 च्या यादीत 121 भाषाच उरतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते. महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित करून 2013 मध्ये प्रसिद्ध केला.

या कार्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे, आणि तरीही लोकसर्वेक्षणापेक्षा तेजगढची वसंतशाला मला अधिक मोलाची वाटते. शाळेपासून तुटलेल्या मुलांना तिथे प्रथम राठवीतून, त्याच समाजातले शिक्षक शिकवतात. भाषेची नोंद पंडितही करू शकतो. शाळेत सहा वर्षांच्या मुलाचे ऐकून घेणारा माणूस मात्र नेमावाच लागतो.

मोशीच्या बाजूच्या एका बांधकामावर मी एक वडार मुलगी पाहिली. आई खडीची घमेली वाहत होती आणि ही पोर प्रत्येक खेपेला एक खडा बाजूला सरकवून आपल्या भाषेत मोजत होती. वीस झाले की खड्यांची वेगळी ढेरी करत होती, आणि संध्याकाळी मुकादमाने सांगितलेला आकडा तिने मान हलवून नाकारला. तीच मुलगी जवळच्या एका शाळेत पहिलीत होती. तिच्या नावापुढे शेरा होता: दहापर्यंत अंक येत नाहीत.

हा शेरा वाचून, या मुलांचे सारे प्राथमिक शिक्षण त्यांच्या घरच्या भाषेतूनच व्हावे असे म्हणावेसे वाटते, आणि पुष्कळ दिवस माझाही तोच आग्रह होता. राज्यघटनेचा अनुच्छेद 350क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी देण्यास सांगतो, 2009 चा शिक्षण हक्क कायदाही शक्य तिथवर मातृभाषाच धरतो. पण या आग्रहावरचा खरा आक्षेप परिसंवादातल्या वक्त्याने घेतलेलाच नाही. तो घेतला त्या मुलीच्या बापाने. तो म्हणाला, “आमची बोली आम्ही घरी शिकवतो, गुरुजी. शाळेनं मराठी नीट शिकवावी, इंग्रजी शिकवावी. नाहीतर पोर आमच्यासारखीच पाटी उचलंल.” या बोलण्यात आपल्या भाषेविषयी तुच्छता तिळमात्र नाही, पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवलेल्या माणसाने दाराची किल्ली मागितली आहे. शिवाय भोसरी-चाकणच्या एकाच वस्तीत वडारी, गोरमाटी, मराठवाडी मराठी, भोजपुरी आणि ओडिया शेजारी शेजारी नांदतात, आणि काम संपले की कुटुंब दुसऱ्या बांधकामावर जाते. कोणत्या एका भाषेतून वर्ग चालवणार?

म्हणून माध्यमाचा आग्रह मी सोडतो. शाळा मराठीचीच असावी आणि ती उत्तम असावी. मात्र पहिली दोन वर्षे मुलाच्या भाषेत त्याच्याशी बोलू शकणारी, त्याच वस्तीतली एक शिक्षित बाई वर्गात सहशिक्षिका म्हणून पगारावर असलीच पाहिजे. मुलांच्या जगण्याप्रमाणे शाळेने स्वतःला बदलणे आपल्याला नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. आमच्या शेजारी चिंचवडगावात गिरीश प्रभुणे यांनी भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी गुरुकुल उभे केले. त्यांच्या विचारसरणीशी माझे मतभेद आहेत, तथापि ती मुले त्यांनी जवळ केली, हे मान्य करण्यात मी अनमान करणार नाही.

असे न केल्यास काय होते याचा पुरावा युरोपात आहे. रोमा लोक मूळ भारतातून गेले आणि त्यांची रोमानी ही आपल्या आर्यकुळातली भाषा, हे आता वादातीत आहे. प्रागच्या मिलेना हुब्शमानोव्हा हिंदी, उर्दू, बंगाली शिकता शिकता रोमानीकडे वळल्या, त्यांनी वस्त्यांमधून कथा टिपल्या आणि चार्ल्स विद्यापीठात 1991 मध्ये रोमानीचे अध्यापन सुरू केले. एवढे पांडित्य राजधानीत नांदत असतानाही चेक शाळांनी रोमा मुलांना मंदबुद्धींच्या शाळांत घालणे थांबवले नाही. ऑस्ट्राव्हाच्या अठरा मुलांचा दावा युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला आणि 13 नोव्हेंबर 2007 रोजी तो भेदभाव असल्याचा निकाल लागला. ज्या चाचण्यांवर मुलांची वर्गवारी ठरत होती, त्या त्यांची भाषा आणि त्यांचे जगणे जमेस धरतच नव्हत्या. मोशीच्या मुलीच्या नावापुढचा शेरा त्याच जातीचा आहे.

परिसंवादातील वक्त्यांना मराठीची काळजी असेल, तर त्यांनी निश्चिंत असावे. घरच्या भाषेत मोजणारे मूल मराठीत मोजायला लवकर शिकते. ज्याला आधीच गप्प केले, ते कोणत्याच भाषेत तोंड उघडत नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या शाळांतील मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की, येत्या जूनमध्ये प्रवेशाचा अर्ज भरून घेताना मातृभाषेच्या रकान्यात सवयीने ‘मराठी’ लिहू नये. आईबापांना विचारावे, ते सांगतील तेच नाव लिहावे, आणि त्या नावांची यादी करून तेवढ्या सहशिक्षिकांची मागणी लेखी करावी.