कोणाचा रे तू?

किनवट तालुक्यातल्या इस्लापूरला नवखा पोरगा बसमधून उतरला, की चहाच्या टपरीवर बसलेला एखादा म्हातारा हमखास विचारतो, ‘कोणाचा रे तू?’ पोरगा काय शिकला, काय करतो, हे नंतर. आधी बापाचं नाव, मग आजोळ, मग गाव किंवा तांडा. एवढ्यात म्हाताऱ्याला ओळख पटते आणि चहाची ऑर्डर जाते.

तोच पोरगा पदवी घेऊन नांदेडला किंवा पुण्याला मुलाखतीला बसतो. समोरचे साहेब म्हणतात, ‘तुमच्याबद्दल सांगा.’ पोराला ‘कोणाचा’ याचं उत्तर लहानपणापासून येतं, ‘कोण’ हे कधी कुणी विचारलेलंच नसतं. मग पाठ केलेली टेप सुरू होते. ‘मायसेल्फ’पासून आरंभ, वडील शेती करतात, आई गृहिणी, दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, ‘आय ॲम हार्डवर्किंग’, छंद वाचन आणि क्रिकेट. मिनिटभरात खेळ खलास. यातली निम्मी माहिती साहेबांच्या हातातल्या कागदावर आधीच छापलेली असते.

यात पोराचा दोष थोडा. मराठवाड्यानं लेखी परीक्षेची तयारी अशी केली, की ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर चलनी झाला. हात तयार झाला, तोंडाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. सरकारी भरतीनंही तोंडाची गरज कमी केली. केंद्रानं १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’च्या आणि गट ‘ब’मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांवर जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि निवड झाली ती संगणकावरच्या परीक्षेवर. मुलाखतीत वशिला चालतो, हा संशय गावागावांत होता, त्यामुळे या निर्णयाचं स्वागतच झालं. ते चुकीचंही नव्हतं. पण अभ्यासिकेत पाच-पाच वर्षं काढलेल्या मुलाला शेवटी खाजगी नोकरीकडे वळावं लागतं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःविषयी बोलायचं असतं.

आणि बोलायचं म्हटलं की संस्कार आडवे येतात. स्वतःची टिमकी वाजवू नये, आपली पाठ आपण थोपटू नये, ‘मी मी’ करणाऱ्याची किंमत उतरते, हे आपल्याकडे घराघरांत शिकवलं जातं. ही अडचण आजची नाही. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी संतांनी तुकोबांना त्यांच्याविषयी विचारलं, तेव्हा तेही आधी अडखळले. हे बोलू नये, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, अशा भावानं त्यांनी आपला वृत्तांत एका अभंगात सांगितला. त्यात जात आहे, व्यवसाय आहे, दुष्काळात गेलेला पैसा आणि मान आहे, अन्नाविना गेलेली बायको आहे, तोट्यात आलेला धंदा आहे. मग मोडकं देऊळ नीट करावंसं वाटलं, संतांची वचनं पाठ केली, पुढे कवित्व सुचलं. एका घटनेला दुसरी लागून येते. आपण कष्टाळू होतो, असं तुकोबा कुठे म्हणत नाहीत. म्हणायची गरजच उरत नाही.

मुलाखतीतल्या परिचयाचं मर्म इथेच आहे. विशेषण लावलं की टिमकी वाजते. केलेलं काम सांगितलं की टिमकीचा प्रश्नच येत नाही. समजा, एखाद्या मुलानं दोन खरीप हंगाम गावातल्या शेतकऱ्यांची ई-पीक पाहणी मोबाइलवर भरून दिली आहे. ॲपमध्ये फोटो वावरात उभं राहूनच काढावा लागतो, रेंज नसली तर माहिती अडकते, म्हाताऱ्या खातेदाराचा ओटीपी भलत्याच नंबरवर जातो. या भानगडी त्यानं कशा निस्तरल्या, हे चार वाक्यांत सांगितलं तर ‘हार्डवर्किंग’ आणि ‘टीमवर्क’ या दोन्ही शब्दांची सुट्टी होते. पण हा मुलगा हे सांगतच नाही. त्याच्या लेखी ते काम नसतं, ‘गावातलं असंच काहीतरी’ असतं.

भाषांचंही तेच. किनवटच्या तांड्यावरचं पोर घरी गोरमाटी बोलतं, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, आणि तेलंगणाची हद्द जवळ असल्यामुळे कामापुरती तेलुगूही त्याच्या कानावरून गेलेली असते. सीमाभागात शाखा चालवणाऱ्या बँकेला याहून जास्त काय हवं? पण अर्जात तो ‘इंग्रजी, हिंदी, मराठी’ लिहून मोकळा होतो आणि इंग्रजी कच्ची म्हणून घाम पुसत बसतो.

गावाचं नाव सांगतानाही तो कचरतो, ‘नांदेड जिल्हा’ म्हणून वेळ मारून नेतो. राज्यसेवेच्या मुलाखतीत मात्र हेच नाव कामी येतं. तिथे उमेदवाराचं गाव, तालुका, नाव, छंद यांवरून प्रश्न निघतात आणि नव्या रचनेत एकूण २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीला आहेत. इस्लापूरपाशी सांगायला थोडंथोडकं नाही. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा आहे, त्याचा एक काठ मराठवाड्यात आणि दुसरा विदर्भात. त्याहून भारी गोष्ट कायद्याच्या पुस्तकात आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात, हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आलेल्या प्रदेशाच्या यादीत, ‘आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल’ असा नावानिशी उल्लेख आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला या सर्कलचा जिल्हाही बदलला आणि राज्यही.  इस्लापूरच्या किती पोरांना हे कुणी सांगितलंय?

टेबलापलीकडच्यांनाही दोन शब्द सुनावायला हवेत. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अभ्यासकांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. सगळ्यांना ठरावीक प्रश्न विचारणाऱ्या मुलाखतीवरून माणूस पुढे कसं काम करेल याचा अंदाज बरा येतो, सैल गप्पांवरून तितका येत नाही, असं त्यातून दिसलं. ‘तुमच्याबद्दल सांगा’ हा तर सैलातला सैल प्रश्न. कॉन्व्हेंटमधलं पोर त्यावर सफाईनं बोलतं आणि साहेब सफाईलाच गुण देऊन बसतात. ‘गेल्या वर्षभरात तुम्ही अडलेलं कोणतं काम मार्गी लावलंत?’ असं विचारून पाहावं. इस्लापूरचं पोरही मग बोलू लागेल.

आणि साहेबांनी विचारलंच, की हे इस्लापूर नक्की आलं कुठे, तर बिचकायचं कारण नाही. मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावर, हिमायतनगर सोडल्यावर, किनवटच्या अलीकडे. स्टेशनचं नाव सहस्रकुंड.