वेष्टणाचा धर्म

दिवाळीची भेट कागदात गुंडाळून द्यावी की तशीच हातावर ठेवावी, हा काही तत्त्वज्ञानाचा प्रश्न नव्हे, असे कोणीही म्हणेल. परंतु थोडे थांबून पाहिले, तर त्यात एक खराखुरा नैतिक पेच आढळतो. जे चांगले आहे ते झाकायचे कशाला? आणि जे सामान्य आहे ते सुंदर कागदाआड लपविणे ही फसवणूक नव्हे काय?

आपल्या भाषेनेही या बाबतीत दोन्ही बाजूंनी साक्ष दिली आहे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे ती कौतुकाने म्हणते आणि ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ असेही बजावते. तेव्हा झाकणे चांगले की वाईट, एवढे विचारून भागत नाही. काय झाकले आणि कोणासाठी झाकले, हे पाहावे लागते.

नगर जिल्ह्यात (आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) नेवासे आहे. तेथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका सांगितली. पुढे त्या ग्रंथाच्या पोथ्या घरोघरी बासनात बांधलेल्या असत. बासन म्हणजे साधे चौकोनी फडके. रोज ते सोडायचे, वाचन झाले की घडीवर घडी घालून पुन्हा बांधायचे. त्या बांधण्यात दिखावा नव्हता, आदर होता. मात्र पोथी कधी उघडलीच नाही, तर ते ‘बासनात गुंडाळून ठेवणे’ झाले, आणि या शब्दांना आज कोणता अर्थ आला आहे हे आपण जाणतोच. वेष्टण असते ते उघडण्यासाठी.

फराळाच्या ताटावरचा क्रोशाचा रुमालही याच कुळातला. शेजारच्या काकूंकडे ताट जाते तेव्हा करंज्या किती आणि चकल्या किती, हे वाटेवरच्या चार डोळ्यांना दिसत नाही. रुमाल आणि ताट परत येतात, आणि रिकामे ताट परत करू नये म्हणून त्यात चिमूटभर साखर तरी असतेच. रंगीत कागदाची चाल मात्र अलीकडची. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत १९१७ च्या नाताळात हॉल बंधूंच्या दुकानातला पातळ कागद संपला. तेव्हा त्यांनी पाकिटांच्या आत लावण्याचा नक्षीदार फ्रेंच कागद विकायला काढला. तो हातोहात खपला आणि त्यातून एक मोठा धंदा उभा राहिला. कागद परका असेल. पण झाकून देण्यामागची भावना आपल्याकडे पूर्वीपासूनच होती.

या भावनेचे खरे मोल कळायचे तर याच जिल्ह्याकडे पुन्हा पाहावे. उत्तरेस प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवर ऊस डोलतो. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली निघाला तो याच भागात. दक्षिणेस जामखेड, कर्जत, पाथर्डी हे पावसाकडे डोळे लावून बसणारे तालुके. पाथर्डीकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला घर सोडतात. समजा, एका आईच्या दोन लेकींपैकी एक कोपरगावकडे दिली आणि दुसरी पाथर्डीकडे. भाऊबीजेला दोघी माहेरी आल्या आणि भाच्यांसाठी आणलेल्या वस्तू सतरंजीवर उघड्याच मांडल्या, तर माणसांआधी किमती बोलू लागतील. दोन्ही वस्तू गुंडाळलेल्या असल्या, तर निदान तेवढा वेळ दोघी बहिणी सारख्या असतात. मुलांच्या डोळ्यांतले कुतूहल दोघींच्या वाट्याला समसमान येते.

ही लबाडी नव्हे. किंमत झाकणे हा संकोच आहे. किंमत फुगवणे ही लबाडी. नामांकित दुकानाच्या पिशवीत दुसरीकडची वस्तू घालणे किंवा मूठभर वस्तूला पेटीएवढा खोका शोधणे, हे मर्यादा ओलांडणे झाले. सुदाम्याने पोहे फाटक्या चिंध्यांत बांधले होते. त्याने ते लाजेने लपवले, पण खोटे काहीच सांगितले नाही. आणि कृष्णाने ती पुरचुंडी आपण होऊन ओढून घेतली. देणाऱ्याने झाकावे आणि घेणाऱ्याने आतुरतेने उघडावे, असा हा दुहेरी धर्म आहे.

म्हणून बांधायचे ते नीटनेटके बांधावे. आधी किमतीची चिठ्ठी काढावी. कागद फार जाड नको, घडीवर तो तडकतो. फार पातळही नको, कोपऱ्यावर फाटतो. खोक्याभोवती एक वेढा पुरून दोन बोटे उरेल इतकी त्याची लांबी असावी, आणि दोन्ही टोकांना खोक्याच्या उंचीच्या निम्म्याहून थोडा अधिक कागद सुटावा. वस्तू पालथी ठेवावी, म्हणजे जोड खाली जातो. घडी नखाने दाबावी. चमकीच्या कागदाचा पुढे काहीच उपयोग होत नाही. त्यापेक्षा खणाचा तुकडा किंवा रुमाल बरा, तो दुसऱ्या दिवाळीला कोणाकडून तरी परतही येतो.

एवढ्याला दहा मिनिटे लागतात. आपण निवडलेली वस्तू दुसऱ्या कोणाला अधिक किमतीची घेता येईल; पण ती दहा मिनिटे आपलीच असतात. पाथर्डीच्या बहिणीजवळही ती कोपरगावच्या बहिणीइतकीच असतात.