रात्र कुणाची मोजायची?

मामा : आमचा कुत्रा रात्री दोनला उठतो, घरभर फिरतो, भिंतीकडे तोंड करून भुंकत राहतो. काल दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभा राहून दार उघडायची वाट बघत होता. चौदा वर्षांचा झालाय. घरात आता ‘इंजेक्शन देऊन मोकळं करा त्याला’ असं बोलणं सुरू झालंय. तू जनावरांची डॉक्टर. सांग, ही दया की पाप?

भाची : आधी मला सांग, दिवसा काय करतो? घरात लघवी करतो?

मामा : दिवसभर झोपतो. फिरून आला की लगेच घरात करतो. मला कधी ओळखतो, कधी नाही. शेजारी म्हणतात, म्हातारचळ आहे, चालायचंच.

भाची : हा मेंदूचा आजार असू शकतो, मामा. अल्झायमरमध्ये माणसाच्या मेंदूत जे अमिलॉइड साचतं, तेच म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूतही साचतं. कॅलिफोर्नियातला २००१ सालचा एक अभ्यास आहे. अकरा-बारा वर्षांच्या २८ टक्के कुत्र्यांत आणि पंधरा-सोळा वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत याचं एक तरी लक्षण दिसलं होतं. पण सांधे दुखत असले, लघवीला संसर्ग झाला असला, थायरॉइड किंवा रक्तदाब बिघडला असला, तरी कुत्रं असंच वागतं. दुखतंय म्हणून जागणाऱ्या जिवाला भ्रमिष्ट ठरवून मारायचं, हे मला सहन होणार नाही.

मामा : बरं, सगळं तपासलं आणि भ्रमच निघाला, तर? तो मला विसरला असेल, तर ज्याचं माझ्यावर ऋण आहे तो हाच का, असं मनात येतं गं.

भाची : ऋण तुझ्यावर आहे ना? मग ते तुझ्या लक्षात असलं की पुरे.

मामा : पण गांधीजींचं बघ. १९२८ साली साबरमती आश्रमातल्या आजारी वासराला त्यांनीच इंजेक्शन देववलं. लोकांनी केवढं काहूर उठवलं, तरी ते मागे हटले नाहीत.

भाची : ते वासरू असह्य वेदनेत होतं आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुझ्याकडे अजून उपाय सुरूच झालेले नाहीत. सेलेजिलीन नावाची गोळी आहे. आजार बरा होत नाही, पण काही कुत्र्यांना फरक पडतो, लवकर सुरू केली तर जास्त. मेंदूला वेगळं इंधन पुरवणारा, मध्यम साखळीच्या स्निग्धांशांचा आहार मिळतो. सकाळी उन्हात फिरव, नवा वास घेऊ दे. गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाक, रात्री मंद दिवा ठेव, सोफा-खुर्च्या हलवू नकोस. लघवीला जास्त वेळा बाहेर ने, आणि चुकला तर ओरडू नकोस. तो मुद्दाम करत नाही.

मामा : आणि तुझ्या मामीचं काय? तिला झोप नाही. तिच्या हालांना काहीच किंमत नाही?

भाची : आहे, आणि ती उघड बोलायला हवी. थकलेलं घर स्वतःच्या सुटकेलाच दया म्हणू लागतं. म्हणून रात्रीच्या पाळ्या लावा, डॉक्टरांकडून त्याच्या झोपेसाठी औषध घ्या. तुमच्या झोपेच्या गोळ्या मात्र त्याला कधीही देऊ नका.

मामा : तरीही वेळ आलीच, तर ओळखायची कशी?

भाची : रोज रात्री वहीत लिही. जेवला का, कशात रमला का, घाबरून किती वेळ कापत होता. तो नुसता विसरत असेल आणि शांत असेल, तर मी इंजेक्शन देणार नाही. पण सगळे उपाय करूनही वहीतली बहुतेक पानं भीतीचीच निघाली, तर देईन, आणि त्याला मी पाप मानणार नाही. त्या वेळी त्याच्याजवळ तू असायला हवंस.

मामा : ती वही माझ्या हातून प्रामाणिकपणे लिहिली जाईल?

भाची : एक पान तू लिही, एक मामी लिहील. आणि उद्या सकाळी त्याला काही खायला न देता दवाखान्यात आण, रक्त घेते. लघवीचा नमुना स्वच्छ बाटलीत आणायला विसरू नकोस.