पाहुण्याने काय लिहावं?

थाई भाषेत गोऱ्या परदेशी माणसाला 'फरांग' म्हणतात. हा आपल्या 'फिरंगी'चा भाऊच. दोन्ही शब्द फारसीमार्गे, 'फ्रँक' लोकांच्या नावावरून आलेले. पण भारतीय माणूस तिथे फरांग नसतो. त्याच्यासाठी वेगळा शब्द आहे, 'खॅक'. शब्दशः अर्थ, पाहुणा. भारतीय, मलय, अरब अशा सगळ्यांना तो सरसकट लावतात आणि त्यात अगत्य आहे की हेटाळणी, हे बोलणाऱ्याच्या सुरावरून कळतं. एका प्रोजेक्टसाठी मी दीड वर्ष बँकॉकमध्ये होतो, तेव्हा मला तो दोन्ही सुरांत ऐकायला मिळाला.

त्या दीड वर्षात मी एक लेख लिहिला. त्याबद्दल मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही, म्हणून हा दुसरा लेख.

सुरुवात एका पुस्तकामुळे झाली. लॉरेन्स ऑस्बोर्न हा ब्रिटिश लेखक स्वस्तात दात करून घ्यायला बँकॉकला आला आणि रेंगाळला. 2009 साली त्याचं 'बँकॉक डेज' आलं. त्यात देवळं, राजवाडे फार नाहीत. रात्री पायी भटकणं आहे, आडबाजूच्या गल्ल्या आहेत, आणि आपापल्या देशातून निसटून आलेली एकटी माणसं आहेत. वाचून मला वाटलं, हे मराठीत कुणी का करत नाही? आपल्याकडे बँकॉक म्हणजे सफारी वर्ल्ड, पट्टाया आणि 'इंडियन जेवण कुठे मिळेल'. मग मी रविवारी चालायला लागलो.

असाच तलात नोईला पोचलो. नावाचा अर्थ लहान बाजार. चायनाटाउनला लागून, चाओ फ्राया नदीच्या काठावरची ही जुनी होक्कियन चिनी वस्ती. गल्ल्यांमध्ये गाड्यांच्या जुन्या इंजिनांचे, गिअरचे ढीग, आणि तेल मुरून काळी झालेली जमीन. मधेच सो हेंग ताई नावाचा दोनशे वर्षांहून जुना चौकाचा वाडा. त्याच्या चौकात चक्क पोहण्याचा तलाव आहे आणि तिथे डायव्हिंग शिकवतात. आत जाऊन बघायचं असेल तर काहीतरी पेय विकत घ्यायचं, असा साधा नियम. यजमानाने पाहुण्याचा नियम स्वतःच ठरवलेला. तेव्हा मला त्याचं महत्त्व कळलं नव्हतं.

जवळच्याच एका गल्लीत एक बाई नूडल्सचं सूप विकायच्या. वयाने मोठ्या बाईला तिथे 'पा' म्हणतात, म्हणजे आईची किंवा वडिलांची मोठी बहीण. मीही पा म्हणायचो. माझं थाई मोडकंतोडकं, त्यामुळे बोलणं म्हणजे अर्ध हातवाऱ्यांनी, अर्ध फोनवरच्या भाषांतराच्या ॲपने. चार-पाच रविवारांनंतर मी लेख लिहिला. शीर्षक होतं 'बँकॉकची कुणालाच ठाऊक नसलेली गल्ली'. पांचा फोटो, जागेचं लोकेशन, आणि शेवटी एक वाक्य, 'गरिबीतही किती समाधानी असू शकतं माणूस!' लेख बऱ्यापैकी फिरला. घरच्यांच्या ग्रुपवरसुद्धा मलाच फॉरवर्ड होऊन आला.

महिन्याभराने गेलो तर पांनी सूप द्यायच्या आधी स्वतःचा फोन पुढे केला. एक मराठी जोडपं लेख वाचून तिथे आलं होतं. त्यांनी कौतुकाने पांना तो दाखवला आणि भाषांतर करून दिलं. पांनी ते जपून ठेवलं होतं. त्यांनी आधी शीर्षकावर बोट ठेवलं. मी इथे चाळीस वर्षं आहे, रोज शंभर माणसं इथून जेवून जातात, मग हे 'कुणालाच' म्हणजे कोण? मग शेवटच्या वाक्यावर. तीन मजली घर माझं आहे, मी गरीब नाही. आणि ते विकायचं की नाही यावरून भावाशी दोन वर्षं बोलणं बंद आहे, त्यामुळे समाधानी तर मुळीच नाही.

त्या रागावल्या नव्हत्या. बहुतेक थोडी गंमतच वाटली असावी त्यांना. सूप नेहमीसारखंच मिळालं. पण मला ते धड गिळवलं नाही.

घरी येऊन मी स्वतःची बाजू मांडत बसलो. परक्याने लिहूच नये का? हे मला पटत नाही. रोज तिथे राहणाऱ्याला तेलाने काळी झालेली जमीन दिसेनाशी होते. ती नव्याने बघायला परकं माणूस लागतं. आणि स्थानिक माणूस चुकत नाही असंही नाही. मी स्वतःच्या गावाबद्दल वाटेल ते ठोकून देतो.

मग मी चुकलो कुठे? मला वाटतं, ते वाक्य लिहिताना मी एक गोष्ट धरून चाललो होतो, की पा हे कधीच वाचणार नाहीत. मराठी ही माझी आडोशाची जागा होती. त्या आडोशामागे मी त्यांना गरीब केलं आणि समाधानीही केलं, कारण मला लेखाचा शेवट हवा होता. थाईमध्ये, त्यांच्यासमोर बसून, मी ते वाक्य लिहिलं असतं का? निदान आधी विचारलं तरी असतं.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना आवडेल तेवढंच लिहायचं ठरवलं, तर उरतं ते माहितीपत्रक. पण मी आवडण्याबद्दल बोलत नाहीये. आमच्या कामात एक पद्धत असते. ज्याने कोड प्रॉडक्शनमध्ये टाकला, रात्री दोनला काही फुटलं तर फोन त्याचा वाजतो. त्याचा कोड कुणाला आवडावा अशी अट नसते. विचारणा झाली की तो उत्तराला हजर पाहिजे, एवढीच अट असते. प्रवासलेखकाचा फोन सहसा वाजत नाही, कारण तोवर तो पुढच्या शहरात गेलेला असतो.

फोन उचलणारेही असतात. बँकॉकच्या जुन्या तटबंदीवर एकेकाळी चौदा बुरूज होते. त्यांतले दोन उरलेत. त्यांपैकी महाकान बुरुजामागे, भिंत आणि कालवा यांच्यामध्ये, लाकडी घरांची एक छोटी वस्ती होती. महापालिकेला तिथे उद्यान हवं होतं. 1992 पासून रहिवाशांना उठवायचे प्रयत्न सुरू झाले. मायकेल हर्झफेल्ड हे हार्वर्डचे मानवशास्त्रज्ञ तिथे वर्षानुवर्षं जात राहिले, थाईमध्ये बोलले आणि उघडपणे रहिवाशांच्या बाजूने उभे राहिले. 2016 मध्ये त्यांचं त्या वस्तीवरचं पुस्तकही आलं. एप्रिल 2018 मध्ये उरलेल्या शेवटच्या कुटुंबांना बाहेर पडावं लागलं. मी गेलो तेव्हा तिथे हिरवळ होती, झाडं होती, आणि अगदी शांत होतं.

म्हणजे तिथे लिहिण्याने वस्ती वाचली नाही. पण वाचवता आलं की नाही, ही लेखकाची परीक्षा धरली तर जवळजवळ सगळेच नापास होतील. मला त्या हिरवळीवर वेगळीच भीती वाटली. अशा भांडणात त्या जागेला कोण काय म्हणतं यावर बरंच ठरतं. 'वारसा' म्हटलं तर जपायची, 'गलिच्छ वस्ती' म्हटलं तर हटवायची. उद्या तलात नोईत असं काही झालं, तर माझं 'गरीब' हे विशेषण कुणाच्या कामी येईल? पांच्या नक्कीच नाही. एका मराठी लेखाने काही होत नाही, हे मला माहीत आहे. पण असे लेख पन्नास भाषांतून लिहिले जातात आणि लिहिणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आपल्या एकट्याच्या लेखाने काय होणार.

मी लेख काढून टाकला नाही. तसं करणं म्हणजे झाल्या प्रकारावर पांघरूण घालणं झालं असतं. शीर्षक बदललं, शेवटचं वाक्य खोडलं, आणि का खोडलं ते खाली लिहिलं. लोकेशन आणि फोटो ठेवू का, हे पांना विचारलं. त्या म्हणाल्या, लोकेशन राहू दे, गिऱ्हाईक येतं. फोटो काढ, त्यात केस विस्कटलेत. मी एकट्याने ठरवलं असतं तर नेमकं उलट केलं असतं.

घराच्या भांडणाबद्दल विचारायचं मात्र राहून गेलं, आणि आज मी ते इथे लिहूनही टाकलंय. त्यांचं नाव आणि गल्लीची खूण गाळली आहे, तरीही. हा लेख थाईमध्ये करून त्यांना पाठवतोय. त्या काय म्हणतात ते कळलं, की खाली लिहीन.