पलंगपट्टी

घरपट्टी आपण भरतो. पाणीपट्टीही भरतो, पाणी आलं नाही तरी भरतो. पण हॉटेलात उतरल्यावर पलंगपट्टी नावाचा आणखी एक कर आपण भरत असतो आणि तोही बिनतक्रार, किंबहुना हौसेनं, हे फारसं कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

पलंगपट्टी म्हणजे ती हो, पांढऱ्याशुभ्र पलंगाच्या पायथ्याशी आडवी टाकलेली चॉकलेटी नाहीतर जांभळी पट्टी. दीड-दोन फूट रुंद, सहा-सात फूट लांब. ती पांघरता येत नाही, कारण एका वेळी एकच अवयव झाकला जातो. तिनं अंग पुसता येत नाही, कारण ती पाणी शोषून घेण्याऐवजी परत करते. झोपण्यापूर्वी माणूस पहिलं काम करतो ते ती पट्टी उचलून खुर्चीवर टाकण्याचं. सकाळी रूमबॉय ती पुन्हा पलंगावर ठेवतो. रात्री आपण पुन्हा खुर्चीवर. ती खुर्चीही बसण्याच्या लायकीची नसते. बहुधा पट्टी टाकायला म्हणूनच ती ठेवलेली असावी. एकमेकींसाठी जन्माला आलेल्या दोन वस्तू आणि दोघींचं भाडं भरायला आपण!

हॉटेलवाले तिला 'रनर' म्हणतात. ती कुठं पळत नाही. पळतं ते भाडं.

हे ज्ञान मला मेहुण्यांमुळे झालं. आमच्या मेहुण्यांचं मिरजेला लॉज आहे. मिरज म्हटलं की सतारी आठवतात, पण मिरजेला उतरणाऱ्या दहा माणसांपैकी सतार घ्यायला आलेला क्वचित एखादा. बाकीचे दवाखान्यासाठी आलेले. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल काढलं आणि तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक आपापली दुखणी घेऊन मिरजेची गाडी पकडत आलेले आहेत. त्यामुळे मेहुण्यांच्या लॉजचं गिऱ्हाईक ठरलेलं. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी आणि चेहऱ्यावर 'उद्या डॉक्टर काय सांगतात बघू' हे वाक्य.

लॉजही त्या गिऱ्हाइकाला शोभेल असंच होतं. चौदा खोल्या. लोखंडी खाटा. त्यांवर कापसाच्या गाद्या, मधोमध खोलगट. कुठल्याही कडेला झोपा, पहाटे तुम्ही दरीतच सापडायचे. आरशात तोंड दिसे, पण एकदम नाही; डोकं वाकडं करून हप्त्याहप्त्यानं बघावं लागे. ट्यूब लावल्यावर ती आधी विचार करी. भिंतीवर खुंट्या आणि औषधाच्या दुकानाचं कॅलेंडर. भाडं सातशे रुपये.

मग गेल्या वर्षी पुण्याहून सल्लागार आला. वय सव्वीस असेल. त्यानं खोल्या बघितल्या नाहीत, खोल्यांचे फोटो बघितले. "काका, तुमचा प्रॉब्लेम रूम्सचा नाहीच आहे. फोटोचा आहे," तो म्हणाला. हल्ली माणूस खोली मोबाईलवर आधी बघतो आणि मग येतो. फोटोत दरी दिसत नाही, पण पट्टी दिसते. तेव्हा पट्टी हवी. मेहुण्यांनी वही काढली आणि सल्लागारानं त्यांना असा हिशेब घातला, की जो ऐकल्यापासून मला धड झोप नाही, मग गादी कुठलीही असो.

हिशेब असा. चौदांपैकी दहा खोल्या रोज भरतात. दहा गुणिले सातशे, सात हजार. ते भागायचे दहानं नव्हे, चौदानं. रिकाम्या खोल्याही धरायच्या. म्हणजे खोलीमागे पाचशे. मोठ्या हॉटेलांत धंद्याची नाडी या आकड्यावर बघतात. आता खोली सजवा, भाडं बाराशे करा. समजा, आठच खोल्या भरल्या. आठ गुणिले बाराशे, नऊ हजार सहाशे. भागिले चौदा, सहाशे पंचाऐंशी. दोन खोल्या जास्त रिकाम्या आणि गल्ल्यात रोज सव्वीसशे रुपये जास्त! चादरी धुवायच्या कमी, वीज कमी, कटकट कमी.

मी शाळेत गणितात बरा होतो. हा हिशेब मी तीनदा करून बघितला आणि तिन्ही वेळा बरोबर आला. फक्त एक गोष्ट सापडेना. ते दोघं कुठं गेले?

म्हणजे दहांतले आठ राहिले. उरलेले दोन. ते काही हवेत विरले नाहीत. त्यांचा पेशंट दवाखान्यात आहेच. सल्लागाराला विचारलं, तर तो म्हणाला, "दे विल फाइंड देअर सेगमेंट." सेगमेंट मिरजेत नेमका कुठल्या पेठेत येतो हे विचारायचं मनात होतं, पण बायकोनं डोळे वटारले.

पलंगपट्टीचं मूळ मी नंतर हुडकून काढलं. १९९९ साली अमेरिकेत वेस्टिन या हॉटेलवाल्यांनी 'हेवनली बेड' म्हणजे स्वर्गीय पलंग काढला. (आपल्याकडे पलंगाला 'स्वर्गीय' म्हटलं, तर त्यावर कुणी झोपायचं नाही.) तोवर हॉटेलांतून फुलाफुलांचे जाड पलंगपोस असायचे. फुलं अशासाठी, की डाग फुलांत मिसळून जावेत. वेस्टिननं सगळं पांढरं केलं. पांढऱ्यावर काहीच लपत नाही, तेव्हा जे दिसत नाही ते नाहीच, असा गिऱ्हाइकाला भरवसा. तो पलंग इतका गाजला की लोक घरी न्यायला मागू लागले आणि कंपनीनं तो विकायलाही काढला. मग गावोगावचे पलंग पांढरे झाले. पण पांढऱ्यावर माणसं बुटांसकट पाय ठेवतात, बॅगा आपटतात. म्हणून पायथ्याशी आली गडद पट्टी. डाग दिसावा म्हणून पांढरी चादर आणि दिसू नये म्हणून वर पट्टी! माणसाच्या नीतीचा सगळा इतिहास मला त्या एका पलंगावर पसरलेला दिसतो.

मेहुण्यांना वाटलं होतं, गाद्या आणि पट्ट्या एवढ्यावर भागेल. पण या बाबतीत दिदरो नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञानं सर्वांना अडीचशे वर्षांपूर्वीच सावध करून ठेवलंय. विश्वकोशाचं काम करणारा हा माणूस. त्याला कुणीतरी एक भारी लाल झगा दिला. झगा घालून खोलीत बसला, तर गवती खुर्ची दरिद्री दिसायला लागली. चामड्याची आणली. मग टेबल दरिद्री. तेही बदललं. शेवटी जुना झगा टाकल्याच्या पश्चात्तापावर त्यानं १७६९ च्या सुमारास एक निबंधच लिहिला. मिरजेत तंतोतंत तेच झालं. नव्या गादीखाली लोखंडी खाट लाजली म्हणून लाकडी पलंग आला. पलंगाला उशाशी गुबगुबीत पाठ आली. त्या पाठीपुढं भिंतीला आलेला ओल्याचा पोपडा उघडा पडला म्हणून तिथं तळ्याकाठच्या होडीचं चित्र आलं. मिरजेत तळं आणि होडी बघून पेशंटच्या नातेवाइकांनी काय करायचं कुणास ठाऊक. खुंट्या गेल्या आणि कपाट आलं. त्यात हँगर तीन. घरातली माणसं पाच. खुंट्या अकरा होत्या.

"दाजी, तुम्हाला काय जातंय हसायला?" मेहुणे म्हणाले. त्यांचंही खरं. मोठ्या हॉटेलांत उत्पन्नाचे चारेक टक्के दरवर्षी या कामासाठी बाजूला काढून ठेवायची रीत आहे. पडदे, गाद्या सहा-सात वर्षांनी आणि लाकूडसामान बारा-एक वर्षांनी बदलायचं. मेहुण्यांनी बाजूला काय काढलं होतं? तर नाकं मुरडणारी गिऱ्हाइकं. त्यांना कर्ज काढावं लागलं. शिवाय बुकिंगवाल्यांचं कमिशन. शिवाय सरकार. दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला पूर्वी जीएसटी नव्हता. ती माफी १८ जुलै २०२२ ला संपली. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीचा कर बारा टक्क्यांवरून पाचवर आला खरा, पण पलंगावर भरलेला कर त्यातून वळता करून घ्यायची सोय गेली. "धर्मशाळा काढायची तर गाडगेबाबा व्हायला लागतं, दाजी. मी हप्ते भरणारा माणूस." दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे आणि कॅन्सरवर उपचार घेणारे रुग्ण, त्यांचे नातेवाईक तिथं उतरतात. मुंबईतल्या कॅन्सरच्या दवाखान्यासाठी ती असेल, तर मिरजेत फक्त लॉजवाल्यानंच पुण्य का करावं, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर जुन्या गादीची बाजू घेणाऱ्यांचाही मला राग येतो. 'साधी माणसं ती, त्यांना काय, कशीही झोप लागते' हे वाक्य बोलणारा स्वतः नेहमी फोमवर लोळत असतो. महाबळेश्वरला मजा करायला आलेल्याची पाठ जशी दुखते, तशीच आयसीयूबाहेर बाकड्यावर बसून आलेल्याचीही दुखते, जास्तच दुखते. नव्या गादीवर मी दोन रात्री झोपलो. दोन्ही रात्री कडेला झोपलो आणि सकाळी कडेलाच उठलो. वयाच्या या टप्प्यावर असा अनुभव थोडा नव्हे. ही गादी घातली म्हणून मेहुण्यांना नावं ठेवणारा माणूस मी नव्हे.

पण मग मी गादीचा हिशेब मांडला. गादी पडली नऊ हजारांना. सात वर्षं टिकणार. सात वर्षांच्या रात्री दोन हजार पाचशे पंचावन्न. भागाकार करा. रात्रीला साडेतीन रुपये! निम्म्या रात्री खोली रिकामी धरली तरी सात. म्हणजे सुखाची झोप सात रुपयांत बसते आणि वाढ झाली पाचशेंची. कर्ज, कमिशन, गरम पाणी सगळं मनापासून धरलं, तरी मधे बरीच मोठी रक्कम उरते. ती होडीची, पट्टीची आणि फोटोची. झोपणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. तिचा उपयोग एवढाच, की ते दोघं आत येऊ नयेत. लॉजच्या दाराशी कुणी दरवान ठेवला नाही. पलंगावर आडवा टाकला.

'परवडलं तर या, जबरदस्ती आहे का?' असं सल्लागार म्हणाला असता. महाबळेश्वरला हे पटण्यासारखं आहे. तिथं नाही परवडलं तर माणूस घरी बसून भजी खातो. पण रात्री अकरा वाजता एक्स-रेचं पाकीट घेऊन काउंटरपाशी उभा राहिलेला माणूस निवड करत नसतो. तो फक्त खिसे चाचपत असतो.

हे सगळं मी मेहुण्यांना ऐकवणार होतो. इतक्यात पट्ट्या हरवायला लागल्या.

सकाळी खोलीत पट्टी नाही, दुसऱ्या दिवशी परत हजर, पण मळलेली आणि फिनेलचा वास येणारी. आज चार नंबरची, उद्या नऊ नंबरची. मेहुणे खवळले. लॉजवर मामा म्हणून जुने नोकर आहेत. मेहुण्यांच्या वडिलांच्या वेळचे. ते म्हणाले, "चोरी न्हाई मालक. दवाखान्यात न्हेत्यात. एक खोली घेत्यात, त्यात बायका-पोरं झोपत्यात. गडीमाणूस पेशंटजवळ. व्हरांड्यात फरशी गार लागती. म्हणून ती खाली घालत्यात." आणि थोडं थांबून म्हणाले, "त्यावर बरोब्बर एक माणूस मावतोय बघा."

सात फूट लांब, दोन फूट रुंद. दोन महिने ती पट्टी मी बघत होतो, तिच्यावर विनोद करत होतो, तिचा इतिहास काढत होतो आणि मेहुणे तिचे हप्ते भरत होते. तिचं माप माणसाचं आहे हे ज्यांना रात्री फरशीवर पडायचं होतं, त्यांना पहिल्या दिवशीच कळलं.

मेहुणे काही बोलले नाहीत. काउंटरमागं बराच वेळ बिलबुक चाळत बसले. मला वाटलं, आता अनामत घ्यायचा बोर्ड लागणार. पण दुसऱ्या आठवड्यात बाजारातून चौदा सतरंज्या आल्या. अडीच फूट रुंद, लाल-काळ्या पट्ट्यांच्या, मळखाऊ, दाभणासारख्या चिवट. चॉकलेटी पट्ट्या गेल्या आणि त्यांच्या जागी पलंगाच्या पायथ्याशी सतरंज्या आल्या. मामांना सांगितलं, "कोण न्यायला लागला तर विचारू नका. परत आली की उन्हात टाका." भाडं मात्र बाराशेच आहे आणि ते दोघं अजून कुठं असतात ते मला ठाऊक नाही. त्यांच्यातल्या कुणाच्या अंगाखाली एखादी सतरंजी जात असेलही. मामा विचारत नाहीत.

महिन्यानं सल्लागार फोटो काढायला आला. दारातच थबकला. पांढरी चादर, तिच्यावर लाल-काळी सतरंजी. डोळे बारीक करून त्यानं दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाला, "वा काका! काय एथनिक लुक आलाय! आता बिनधास्त शंभर रुपये वाढवा."

मेहुण्यांनी वाढवले का, ते मी अजून विचारलेलं नाही. बायकोचा भाऊ आहे; जपून विचारावं लागतं.