तीनशे रुपयांचा रेडिओ

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेस उतरून उत्तनच्या बसमध्ये बसले की मुर्धे, राई, मोर्वे, डोंगरी अशी गावे वाटेत भेटतात. मिठागरांवरून येणारा खारा वारा अजूनही अंगाला लागतो. परंतु त्या वाऱ्याला सामोरी असणारी कौलारू घरे आता कमी होत चालली आहेत. 1985 साली येथील ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली, 2002 साली महानगरपालिका झाली आणि घरांच्या जागी इमारती उभ्या राहण्याचा वेग वाढत गेला. जुने घर पाडायचे ठरले म्हणजे प्रथम माळा रिकामा होतो. तेथून तांब्यापितळेची भांडी, मोडका पाळणा, जाळ्यांची गुंडाळी, धुराने काळवंडलेली एखादी पवित्र तसबीर अशा वस्तू खाली उतरतात. आणि कधी कधी, जुन्या चादरीत गुंडाळलेला, एक लाकडी रेडिओही. त्या रेडिओच्या शोधात फिरणाऱ्या थोड्या लोकांपैकी आम्ही एक आहोत. या छंदात आमच्या हातून जे घडले आणि त्यातून जो प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला, तो वाचकांपुढे ठेवावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आजच्या तरुण वाचकांना व्हॉल्व्हचा रेडिओ म्हणजे काय हे सांगितले पाहिजे. ट्रान्झिस्टरचा शोध 1947 च्या डिसेंबरात लागला. त्यापूर्वी, आणि त्यानंतरही बरीच वर्षे, रेडिओचे सारे काम काचेच्या निर्वात नळ्या करीत. फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 1904 साली अशी पहिली नळी तयार केली. आपल्याकडे मुंबई केंद्राचे उद्घाटन 23 जुलै 1927 रोजी झाले. व्हॅटिकन रेडिओ 12 फेब्रुवारी 1931 रोजी सुरू झाला, आणि तो उभारण्याचे काम खुद्द मार्कोनीने केले होते. पुढे मर्फी, फिलिप्स, बुश, नेल्को ही नावे घराघरांत पोहोचली. मर्फीचा कारखाना तर ठाण्यातच होता. रेडिओ बाळगायचा तर टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे; पासबुकासारख्या त्या पुस्तिकेत दरवर्षी तिकिटे चिकटवली जात. हा परवाना 1980 च्या दशकाच्या मध्यात रद्द झाला. तोवर कोनाड्यातील रेडिओची जागाही ट्रान्झिस्टरने आणि दूरचित्रवाणीने घेतली होती.

असा रेडिओ पुन्हा बोलता करणे हे चिकाटीचे काम आहे. आपल्या किनाऱ्यावरची दमट, खारी हवा त्याचा पहिला शत्रू. केसाहून बारीक तांब्याच्या तारेची कॉइल हिरवी पडून तुटते, पत्र्याची चॅसी गंजते, स्पीकरचा कागदी पडदा झुरळे खातात. मेण लावलेल्या कागदाचे जुने कंडेन्सर गळके झालेले असतात आणि असा एक गळका कंडेन्सर आउटपुटचा अख्खा व्हॉल्व्ह जाळू शकतो. म्हणून जाणकार माणूस माळ्यावरून काढलेला सेट कधीही थेट वीज देऊन चालू करीत नाही. तो आधी चॅसी बाहेर काढतो, धूळ ब्रशने झाडतो, एकेक भाग तपासतो, नवे कंडेन्सर डाखतो, डायलची तुटलेली दोरी पुन्हा ओवतो. आणि मग सिरीज बोर्डावर, मध्ये दिवा जोडून, भीतभीत पहिली वीज देतो. दिवा लख्ख पेटला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे. मंद राहिला तर आशेला जागा आहे.

या छंदातील माणसे एका बाबतीत फार कडक असतात. दुरुस्त केलेला सेट दुसऱ्याला देताना त्याचे दोष लपवायचे नाहीत. एसी आणि डीसी अशा दोन्ही विजांवर चालणाऱ्या काही जुन्या सेटांची चॅसी सरळ विजेच्या तारेला जोडलेली असते. बटण निघालेल्या दांड्याला मुलाचा हात लागला तरी जीव जाऊ शकतो. असा सेट ही गोष्ट न सांगता विकणाऱ्यास आमच्यात कोणी उभे करीत नाही. आम्हीही या प्रामाणिकपणाचा अभिमान बाळगीत होतो. तो अभिमान किती अपुरा होता, हे एका रेडिओने आम्हांस दाखवून दिले.

काही वर्षांपूर्वी उत्तनच्या बाजूच्या एका गावात घर रिकामे होत असल्याचे समजले म्हणून आम्ही गेलो. घरात ऐंशीच्या घरातील एक विधवा मावशी होत्या. मुलगा आखातात, सून नोकरीवर. ओट्यावर भंगारवाल्यासाठी काढून ठेवलेल्या ढिगात आम्हांस तो रेडिओ दिसला. तो विजेवरचा नव्हे, तर बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्हचा सेट होता. ज्या घरांत वीज पोहोचली नव्हती त्यांच्यासाठी बनवलेला. पेटी शाबूत, डायलची काच शाबूत, पाठीमागचा पुठ्ठाही जागेवर. असा सेट सहसा हाती लागत नाही, हे आम्ही पाहताक्षणी ओळखले. आम्ही चेहरा कोरडा ठेवून विचारले, "मावशी, याचे काय करणार?" त्या म्हणाल्या, "भंगारवाला शंभर देतो म्हणतो." आम्ही तीनशे रुपये त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी आम्हांस आशीर्वाद दिला, वर नारळाची वडी दिली.

घरी आल्यावर पाठीमागचा पुठ्ठा उघडला. आतल्या लाकडावर पेन्सिलीने तारखांची रांग लिहिलेली होती. अशा सेटला दोन बॅटऱ्या लागत: व्हॉल्व्हची तार तापवण्यासाठी दीड व्होल्टची आणि मुख्य कामासाठी 90 व्होल्टची. ही मोठी बॅटरी महाग असे. घरधन्याने नवी बॅटरी बसवल्याची प्रत्येक तारीख नोंदवून ठेवली होती. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस परवान्याची पुस्तिका खोचलेली होती; तिच्यावर मावशींच्या यजमानांचे नाव.

त्या सेटवर आम्ही तीन महिन्यांचे रविवार घालवले. बाजारात 90 व्होल्टची बॅटरी आता मिळत नाही, म्हणून नऊ व्होल्टच्या दहा लहान बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या. येथे जोडणीत चूक झाली आणि मोठा दाब व्हॉल्व्हच्या नाजूक तारेकडे गेला तर चारही व्हॉल्व्ह एका क्षणात जातात. म्हणून तीनदा तपासून मगच बटण फिरवले. विजेवरच्या सेटप्रमाणे हे व्हॉल्व्ह तापायला वेळ घेत नाहीत. लगेच खरखर झाली आणि डायलचा काटा हलवताच मुंबई आकाशवाणीचा आवाज स्वच्छ ऐकू आला. त्याच आठवड्यात एका संग्राहक स्नेह्याने त्या सेटला नऊ हजार रुपये देऊ केले.

त्या रात्री मात्र आम्हांस सुखाची झोप लागली नाही.

आमच्या मनाने आमची बाजू चांगलीच मांडली. आम्ही खोटे काहीच बोललो नव्हतो. भंगारवाल्याच्या तिप्पट पैसे दिले होते. आम्ही गेलो नसतो तर तो सेट तांब्यासाठी फोडला गेला असता. म्हणजे आम्ही त्याला वाचवलेच होते. अकराशे रुपयांचे सुटे भाग आणि तीन महिन्यांचे श्रम आमचे होते. शिवाय असे दहा सेट घ्यावे तेव्हा एक बोलतो. उरलेल्या नवांचा तोटा कोण सोसतो? ही उत्तरे खोटी नाहीत. आजही ती आम्हांस बिनबुडाची वाटत नाहीत. परंतु त्यांपैकी एकही उत्तर, ओट्यावर आम्ही चेहरा कोरडा का ठेवला होता, याचा खुलासा करीत नव्हते.

आमच्यासारख्यांना गुप्त धनाच्या दाखल्याचा मोठा आधार वाटतो. शेतात दडलेले धन एकाला सापडते, तो ते पुन्हा लपवतो आणि ते शेत विकत घेतो. मग आम्ही काय वेगळे केले? परंतु तो दाखला स्वर्गाच्या राज्याविषयी आहे, जमीन खरेदीच्या रीतीविषयी नाही. आणि तो तसा वाचायचाच असेल तर पुरता वाचावा: त्या माणसाने ते शेत घेण्यासाठी आपले होते नव्हते ते सारे विकले. आम्ही खिशातून तीनशे रुपये काढले होते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिओलॉजिका'त खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा विचार केला आहे. विकणाऱ्याने मालातील छुपा, धोक्याचा दोष सांगितला पाहिजे, हे ते सांगतातच. परंतु त्याच प्रकरणात त्यांनी दुसरी बाजूही पाहिली आहे. विकणारा अज्ञानाने सोने तांबे समजून विकत असेल आणि घेणाऱ्यास ते ठाऊक असेल, तर ती खरेदी अन्यायाची आहे आणि घेणाऱ्याने भरपाई करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. संतांचे म्हणणे कठोर आहे, पण अव्यवहारी नाही. न्याय्य किंमत म्हणजे काट्यावर तोललेला एकच आकडा नव्हे, तो एक अंदाज असतो आणि थोड्या कमीजास्तीने न्याय मोडत नाही, हेही ते मान्य करतात. श्रमाचा मोबदला घेण्यासही त्यांची हरकत नाही. त्यांचा आक्षेप एवढाच, की दुसऱ्याचे अज्ञान हे आपले भांडवल होऊ नये.

त्यांच्याही आधी, ख्रिस्तपूर्व 44 साली, सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात स्केव्होला नावाच्या रोमन विधिज्ञाची हकिकत सांगितली आहे. स्केव्होला एक जमीन घेणार होता. विकणाऱ्याने आपली किंमत सांगितली. स्केव्होला म्हणाला, माझ्या मते हिची किंमत याहून अधिक आहे. आणि त्याने एक लाख सेस्टर्स वाढवून दिले. हे भल्या माणसाचे लक्षण, हे कोणी नाकारत नाही. पण हे शहाण्या माणसाचे लक्षण नव्हे, असे लोक म्हणतात, अशी सिसेरोची तक्रार आहे. दोन हजार वर्षांनंतरही लोक तेच म्हणतात. विकताना दोष लपवू नये, हे आमच्यात सर्वांना मान्य आहे. घेताना गुण लपवू नये, हे मात्र कोणी शिकवत नाही. त्या गुणाचा जाणकार असणे हीच तर संग्राहकाची हुशारी मानली जाते.

आम्ही हिशेब मांडला. दुरुस्त न केलेल्या तशा सेटला एखाद्या संग्राहकाने अडीच हजार तरी दिले असते. त्यातून दिलेले तीनशे वजा केले, म्हणजे बावीसशे रुपये आमच्याकडे मावशींचे होते. ते पैसे, परवान्याची पुस्तिका आणि बोलता झालेला रेडिओ घेऊन आम्ही पुन्हा गेलो. मावशी तोवर एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला गेल्या होत्या.

पैसे पाहून त्यांना आनंद होईल अशी आमची समजूत होती. त्यांनी नोटा मोजल्या आणि विचारले, "तेव्हा तुला हे ठाऊक होतं?" आम्ही म्हणालो, "होय, मावशी." त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग तेव्हाच सांगायचं होतंस. मी काही अडून बसले नसते." या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. भरपाईने पैशांचा हिशेब मिटतो. परंतु ज्या माणसाने आशीर्वाद देऊन आपल्या हातावर वडी ठेवली, त्याच्याकडे आपण अनोळखी गिऱ्हाईक म्हणून पाहिले, हे मिटत नाही.

आम्ही रेडिओ लावला. मावशी जवळ सरकून बसल्या. एरवी बॅटरी संपेल म्हणून घरात फक्त बातम्यांपुरताच रेडिओ लागे, असे त्यांनी सांगितले. पण 1964 साली मुंबईत आंतरराष्ट्रीय युखारिस्ट परिषद भरली आणि 2 डिसेंबरला पोप सहावे पौल सांताक्रूझच्या विमानतळावर उतरले, त्या आठवड्यात यजमानांनी नवी बॅटरी आणली आणि रेडिओ बंद म्हणून केला नाही. ते ओव्हल मैदानावर गेले होते. मावशी तान्ह्या मुलीला घेऊन घरी राहिल्या आणि बातम्या ऐकत बसल्या. आम्ही पाठीमागचा पुठ्ठा उघडून दाखवला. पेन्सिलीच्या रांगेत ती तारीख होती: 29-11-64. मावशींनी त्या अक्षरांवरून बोट फिरवले.

पैसे त्यांनी ठेवून घेतले, पुस्तिकाही ठेवली. रेडिओ मात्र परत दिला. "माझ्याकडे याच्या बॅटऱ्या कोण बदलणार? तुझ्याकडेच राहू दे. पण विकू नकोस." तो सेट आमच्याकडे आहे आणि विकलेला नाही. बॅटऱ्या बदलल्या की आम्हीही त्या रांगेखाली तारीख लिहितो.

आता आम्ही घेण्याआधी सांगतो की ही वस्तू काय आहे आणि साधारण कितीला जाते. आमची वही आहे. तीत प्रत्येक सेटचे गाव, घर आणि दिलेली किंमत लिहिलेली असते. असे केल्याने काही सेट आमच्या हातून गेले, हे कबूल केले पाहिजे. काहींनी किंमत ऐकून तो विकायचाच नाही असे ठरवले, आणि काहींनी आमच्याऐवजी दुसऱ्या कोणास अधिक किमतीने विकला. एकदा तर विकायला निघालेल्या नातवानेच तो आजोबांचा म्हणून पुन्हा कोनाड्यात ठेवला. तो अजून मुका आहे. दुरुस्तीसाठी बोलावतील तेव्हा आम्ही जाऊ.

वाचकहो, रेडिओ हे येथे निमित्त आहे. आपल्या गावांत आज जमिनी, घरे, पाटल्या, बांगड्या, जुने पलंग, पितळी समया रोज हात बदलत आहेत. आणि प्रत्येक व्यवहारात एका बाजूस जाणणारा असतो, दुसऱ्या बाजूस न जाणणारा. आपण बहुधा कधी ना कधी दोन्ही बाजूंस उभे राहतो. वस्तू वाचवल्याचे समाधान खोटे नाही. परंतु जिच्या घरातून ती आली, तिच्यापासून काही लपवून ती वाचवली असेल, तर दुरुस्तीचे काम अजून अर्धेच झाले आहे, असे आम्हांस वाटते.