स्वभाव आणि संगती

कुंभकोणमनजीकच्या गोविंदपुरम् येथे, जेथे कांची पीठाचे आचार्य बोधेंद्र सरस्वती यांचे अधिष्ठान, म्हणजे समाधिस्थान, आहे आणि जेथे 2011 साली प्रतिष्ठापिलेल्या विठ्ठल-रुक्मिणीपुढे, तंजावरच्या मराठी अमलात या प्रांती रुजलेले अभंग तमिळ भाविक आजही आळवितात, तेथे नामाने आणि सत्संगाने मनुष्य पालटतो ही श्रद्धा जिवंत आहे; परंतु पालटतो तो स्वभाव, की आधीच अंतरी असलेले काही केवळ प्रकट होते, हा प्रश्न श्रद्धावंतालाही टाळता येत नाही.

देहाची साक्ष येथे विचारात घेण्याजोगी आहे. पुण्यात 1917 साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशी देहाबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. पुढे जगभरच्या संशोधनातून असे दिसून आले की, पेशीचे वर्तन तिच्या सांगात्यांवाचून उमगत नाही. अवयवांचे अस्तर बनविणारी पेशी ई-कॅडहेरिन या प्रथिनाने शेजारणीला बिलगलेली असते, आणि तेच प्रथिन आतील बाजूस बीटा-कॅटेनिनद्वारा पेशीच्या सांगाड्याशी जखडलेले असते. भोवतालातून टीजीएफ-बीटा या प्रथिनाचा संकेत आला म्हणजे स्नेल, झेब यांसारखी प्रथिने ई-कॅडहेरिनच्या जनुकावर ठाण मांडून त्याचे काम तहकूब करितात. बंध सुटतात, आणि स्थिर पेशी संचारी होते. कर्करोगात अशी पेशी दूरच्या अवयवात पोहोचल्यावर पुष्कळदा पूर्वरूप धारण करून तेथेच वसाहत करिते.

कर्कपेशीची जनुके बिघडलेली असतात हे खरे. तथापि हे स्थित्यंतर तिने नव्याने निर्मिलेले नाही. गर्भात अवयव घडताना हीच शक्ती राबते, आणि जखम भरून येताना तिचाच काही अंश कामी येतो. कार्य कारणात आधीपासूनच असते, या सांख्यांच्या सत्कार्यवादाचे येथे स्मरण होते; मात्र अनेक सुप्त शक्तींपैकी कोणती कोणत्या घटकेस जागी व्हावी, हे बव्हंशी संबंध ठरवितात. स्वभाव म्हणजे शक्यतांचा संचय आणि संगती म्हणजे त्यांतील निवड, असे मला वाटते.

म्हणूनच व्याधीला पूर्वजन्मीच्या पापाचे फळ ठरवून रुग्णाच्या माथी दोष मारणे मला अधर्म वाटते. कारण ज्या शक्तीने गर्भ घडविला तीच येथे मर्यादा सोडून वाहत आहे, आणि तिच्यावर रुग्णाच्या इच्छेचा हुकूम चालत नाही. आमच्या सहवासाने त्याचा रोग हटेल असे नव्हे. परंतु त्याच्या अंतरी भय जागे व्हावे की धैर्य, यात आमच्या संगतीचा वाटा आहे, आणि तेवढ्यापुरते आम्ही निश्चितच जबाबदार आहोत.